माझ्या मोबाइलमध्ये तुम्ही लाल आहात

भावांनो, सकाळी अकरा-सव्वाअकराला साइटवर माझ्या खिशातला फोन थरथरतो, तेव्हा तुम्हाला वाटतं साहेबाच्या घरून फोन आला. घरचा नसतो. तुमच्याबद्दलचा असतो. स्क्रीनवर एक चौकट येते, चौकटीत लिहिलेलं असतं 'ब्लॉकवर्क, चौदावा मजला, 81 टक्के', आणि खाली लाल पट्टी. तोच आकडा त्याच वेळी प्रोजेक्ट मॅनेजरच्या फोनवर जातो आणि दुसऱ्या अमिरातीत एसी ऑफिसात बसलेल्या मोठ्या मुदीरच्या फोनवरही जातो. पाच मिनिटांत ग्रुपवर मेसेज पडतो, लाल का? मग मी हॉइस्टने वर येतो आणि तुमच्यावर ओरडतो. तुम्ही एकदा वळून बघता, काही बोलत नाही, थापी चालवत राहता.

मी कशाला ओरडलो हे तुम्हाला कळत नाही, कारण तो आकडा तुम्हाला कुणी दाखवलेलाच नसतो.

मी दुबईत नऊ वर्षं सुपरवायझर आहे. कराडला सिव्हिलचा डिप्लोमा केला, दोन वर्षं पुण्यात वाकड-हिंजवडीच्या टॉवरवर काढली, मग इकडे आलो. कॅम्पात मला इंजिनियर म्हणतात, ऑफिसात सुपरवायझर म्हणतात, आणि पगार दोघांच्या मधला आहे. हे सांगतोय कारण आज लिहायचंय ते आधी माझ्याच विरुद्ध आहे. माझं म्हणणं सरळ आहे. ज्याच्या घामाचा आकडा आहे, त्याला तो आकडा रोज संध्याकाळी त्याच्या स्वतःच्या फोनवर दिसला पाहिजे. त्यावर त्याला बोलता आलं पाहिजे. हे होत नाही तोवर आमच्या मोबाइलमधले रंगीत डॅशबोर्ड आणि आपल्याकडच्या साखर कारखान्याचा वजनकाटा यांत मला काही फरक दिसत नाही. काटा कसा मारतात हे ऊस तोडलेल्या माणसाला मी काय सांगणार!

आधी हा आकडा शिजतो कसा ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की मोबाइल आपोआप सगळं मोजतो. मोबाइल काही मोजत नाही. गेटवर तुम्ही तोंड दाखवून पंच करता, ती वेळ एका फाइलीत जाते. संध्याकाळी फोरमन किंवा मी टॅबवर भरतो की आज अमुक गँगने इतके चौरस मीटर ब्लॉक लावला. ती दुसरी फाइल. ऑफिसातला एक पोरगा या दोन फाइली जोडतो, चौरस मीटरला तासांनी भागतो आणि रंग लावतो. शंभर टक्के आणि वर हिरवा, पंच्याऐंशीपर्यंत पिवळा, त्याखाली लाल. आमच्याकडे हे मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआयवर चालतं, ते 2015 पासून बाजारात आहे. दुसरीकडे दुसरी सॉफ्टवेअरं असतील, जात एकच. फोनवरचं ॲप फुकट उतरवता येतं. चौकटीतला आकडा ठरवलेल्या रेषेखाली गेला की अलर्ट वाजेल असं लावून ठेवता येतं. साहेब लोकांना वाटतं आपण लाइव्ह बघतोय. साध्या लायसन्सवर ती माहिती ठरवून दिवसातून फार तर आठ वेळा ताजी होते. म्हणजे सव्वाअकराला वाजलेला लाल रंग कधी कधी साडेनऊचा असतो. शिळ्या आकड्यावर ताज्या शिव्या.

आता हिशेब बघा. ॲप काढू नका, कागद-पेन घ्या.

आमच्या साइटवर 200 मिमीच्या ब्लॉकला टार्गेट आहे, एका मेसनने तासाला एक चौरस मीटर. म्हणजे दहा तासांच्या दिवसात दहा चौरस मीटर. एका चौरस मीटरला साडेबारा ब्लॉक लागतात. एक पोकळ ब्लॉक साधारण वीस किलोचा धरा. दहा चौरस मीटर म्हणजे सव्वाशे ब्लॉक, म्हणजे अडीच टन माल एका गवंड्याने दिवसभरात उचलून, माल लावून, दोरी आणि ओळंबा बघून बसवायचा. हेल्पर हाताशी देतो, पण शेवटी बसवतो तो गवंडीच. जुलैतही तेवढंच आणि जानेवारीतही तेवढंच. उन्हाळ्यात 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद ठेवायचा इथला नियम आहे आणि तो बऱ्यापैकी पाळलाही जातो, पण साडेबाराच्या आधीचं ऊन काही नियम वाचून येत नाही. डॅशबोर्डवर तापमानाचा रकानाच नाही.

बस तुम्हाला पाच-पस्तीसला सोडते. गेटवर पाच-चाळीसला पंच होतो. शिफ्ट सहाची. मग हॉइस्टची रांग. तीनशे माणसं, एक हॉइस्ट, एका खेपेला वीस माणसं, वर जाऊन परत यायला चार मिनिटं. पंधरा खेपा, एक तास. चौदाव्या मजल्यावरचा गवंडी भिंतीसमोर उभा राहतो तेव्हा पावणेसात वाजलेले असतात. संध्याकाळी पाचला काम थांबतं, खाली येऊन पंच होईस्तोवर पाच-वीस. मध्ये एक तास जेवण.

आता या एका माणसाने दिवसभरात 9 चौरस मीटर भिंत बांधली. किती टक्के काम केलं त्याने?

पगाराचं घड्याळ सहा ते पाच चालतं. जेवण वजा करून दहा तास. नऊ भागिले दहा, 90 टक्के, पिवळा. डॅशबोर्डचं घड्याळ गेटच्या पंचावर चालतं. पाच-चाळीस ते पाच-वीस, जेवण वजा, दहा तास चाळीस मिनिटं. त्यात नऊ चौरस मीटर म्हणजे 84 टक्के. लाल. आणि तो खरोखर भिंतीसमोर होता ते तास मोजले तर सव्वानऊ भरतात. तिथे त्याचे 97 टक्के होतात. सव्वादोन टन वजन उचलणाऱ्या माणसाचे 97 टक्के म्हणजे मला विचाराल तर पायाच पडायला पाहिजे.

एक माणूस, एक भिंत, एक दिवस. उत्तरं तीन. पैसे देताना कंपनी दहा तास धरते आणि काम मोजताना दहा तास चाळीस मिनिटं धरते. त्या चाळीस मिनिटांचा पगार देत नाही, पण त्या चाळीस मिनिटांत भिंत मागते. वर गंमत अशी की मजला जितका वरचा तितका गवंडी 'आळशी'. तळमजल्यावरचा कायम हिरवा, चौदाव्यावरचा कायम लाल. वर्षभर आमच्या मीटिंगमध्ये मोठमोठे लोक त्या ग्राफकडे बघून म्हणत राहिले की वरच्या मजल्यांवर सुपरव्हिजन कमी पडतंय. हॉइस्ट कमी पडतोय असं एकालाही सुचलं नाही. मला सुचलं होतं. मी गप्प होतो.

त्याचं कारण सांगतो आणि एका माणसाची गोष्ट सांगतो. बीडकडचे होते, पन्नाशीला आलेले, सगळे त्यांना मामा म्हणायचे. तरुणपणी दहा-बारा हंगाम ऊस तोडला, मग गवंडीकाम शिकले आणि इकडे आले. हात असा की ओळंबा लावायची गरज पडू नये, तरी प्रत्येक थराला लावायचे. मूळ पगार 960 दिरहम. हिशेब करा, 960 भागिले 240 तास म्हणजे तासाला 4 दिरहम. ओव्हरटाइम कायद्याने मूळ पगारावर 25 टक्के जास्त, म्हणजे तासाला 5. (रात्री दहा ते पहाटे चारमध्ये काम केलं तर 50 टक्के जास्त, हे लक्षात ठेवा, बरेच टाइमकीपर विसरतात.) रोज दोन तास, महिन्याचे 26 दिवस, 260 दिरहम. आपल्या पैशात सहा हजारांच्या आसपास. मामांचा मूळ पगार घरी जायचा आणि या ओटीतून त्यांचा इथला खर्च निघायचा.

मग वरून नियम आला की ज्यांचा आकडा सलग दोन आठवडे लाल, त्यांचं ओटी बंद. यादी मोबाइलवर आली, मामा यादीत. चौदाव्या मजल्यावर होते ना.

ओटी बंद म्हणजे तीनला काम खल्लास. पण बस एकच, ती पाच-वीसलाच निघणार. गेटच्या बाहेर सावली नाही, सिक्युरिटी बसू देत नाही. म्हणून ओटी नसलेली माणसं आतच, पाण्याच्या टाकीशेजारी सावलीला बसून राहायची आणि बस लागली की पंच करून बाहेर पडायची. आता डॅशबोर्डच्या डोळ्याने बघा. मामा पाच-चाळीसला आत, पाच-वीसला बाहेर. तास तेच, दहा-चाळीस. काम मात्र आठ तासांचं, त्यातले पाऊण तास हॉइस्टच्या रांगेत. सात चौरस मीटर. 66 टक्के!

ओटी काढल्यामुळे आकडा पडला आणि आकडा पडला म्हणून ओटी परत मिळेना. हे चक्र कुणा माणसाने मुद्दाम रचलं असतं तर त्याला मी गुन्हेगार म्हटलं असतं. इथे कुणी रचलंही नव्हतं. दोन फाइली जोडल्या, भागाकार केला, रंग लावला, झालं.

आणि हे पकडलं कुणी माहिताय? ऑफिसने नाही, मीही नाही. एकदा चहाच्या वेळी मी फोन उघडा ठेवून बसलो होतो. मामांना इंग्रजी येत नव्हतं, आकडे येत होते. आपलं नाव त्यांना ओळखू आलं. बोट ठेवून म्हणाले, "साहेब, हे दहा-चाळीस काय आहे?"

मी म्हटलं, "मामा, हे तुमचे तास."

"माझे?" म्हणाले. "मग पगार आठाचा कसा देतात?"

मी हसलो, देवाशपथ हसलो. आणि मग डोक्यात उजेड पडला. महिनोन् महिने ज्या स्क्रीनकडे डिप्लोमा-डिग्रीवाले, एमबीएवाले बघत होते, तिच्यातली मोठी चूक सातवी शिकलेल्या माणसाने एका नजरेत पकडली. कारण तो दिवस त्याने स्वतः काढलेला होता. दहा तास चाळीस मिनिटांपैकी कुठे काय केलं हे त्याच्या पाठीला ठाऊक होतं.

मी म्हटलं, "बघतो, मामा." आणि मी काही बघितलं नाही.

त्याचं कारण ते 'डिले रीझन'. आकडा लाल असेल तर टॅबवर कारण निवडावं लागतं. यादीत चार कारणं आहेत: मटेरियल, हॉइस्ट, वेदर आणि मॅनपॉवर. मटेरियल निवडलं तर स्टोअरवाले अंगावर येतात. हॉइस्ट निवडलं तर प्लँट डिपार्टमेंटला आपोआप मेल जाते, मग प्रोजेक्ट मॅनेजर बोलावून विचारतो की दुसरा हॉइस्ट भाड्याने घ्यायचे पैसे तुझा बाप देणार का. मॅनपॉवर निवडलं तर कुणीच येत नाही. कुठे मेल जात नाही, कुणी विचारत नाही. मॅनपॉवर म्हणजे तुम्ही. जवळजवळ वर्षभर रोज संध्याकाळी मी माझ्या अंगठ्याने 'मॅनपॉवर' दाबत होतो आणि कॅम्पात येऊन तुमच्याबरोबर जेवत होतो.

करार संपायच्या वेळी वरच्यांनी महिन्यांचे आकडे काढले, खालून पंचवीस नावं निवडली. मामा कॅन्सल. हिशेब, तिकीट, सगळं नियमाने दिलं, त्यात खोट नाही. जाताना त्यांनी मला काही ऐकवलं असतं तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "कारखान्यावर निदान काटा डोळ्यांना दिसायचा." आणि बॅगेला दोरी बांधायला लागले.

आता विरुद्ध बाजू. तीही खरी आहे, मी ती लपवणार नाही. ॲप बंद करा आणि जुनी वही परत आणा असं मी मुळीच म्हणत नाही. वहीचे दिवस मी बघितलेत. टाइमकीपरच्या गावचा असेल त्याला पूर्ण हजेरी, दुसऱ्याला अर्धी. वही भिजली, हरवली, पान फाटलं. एकदा तर चाळीस माणसांच्या रात्रीच्या ओटीवरून भांडण झालं, तेव्हा गेटच्या पंचिंगच्या फाइलीनेच त्यांना पैसे मिळवून दिले. तोंडी साक्षीवर कुणी दिले नसते. डेटा आपला दुश्मन असता तर हा लेख दोन ओळींत संपला असता. डेटा आपल्या बाजूनेही बोलू शकतो, पण तो फक्त मालकाच्या खिशात असल्यामुळे मालकाच्याच बाजूने बोलतो.

गावाकडे हीच लढाई दुसऱ्या नावाने झालेली आहे, विसरू नका. रोजगार हमीच्या कामावर मस्टर कुणाला दाखवायचे नाहीत, मेलेल्या माणसांची हजेरी लागायची. राजस्थानात 1994 पासून मजदूर किसान शक्ती संघटनेने गावोगाव जनसुनवाई घेऊन ती मस्टर चारचौघांत मोठ्याने वाचायला लावली. ज्यांची नावं होती तीच माणसं उठून उभी राहिली आणि म्हणाली, मी तर या कामावर गेलोच नव्हतो. त्यातूनच पुढे माहितीच्या अधिकाराची मागणी देशभर गेली. आपल्या महाराष्ट्रात अण्णांच्या आंदोलनानंतर 2003 ला कायदा झाला, केंद्राचा 2005 ला. मस्टर बघायचा हक्क मजुरांनी भांडून मिळवलाय, कुणी प्रेमाने दिलेला नाही. आणि आता तिथेही मोबाइल आला. 1 जानेवारी 2023 पासून रोहयोच्या कामावर ॲपमधून दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी सक्तीची झाली. नेट नसलं, फोटो चढला नाही, की दिवसभर खड्डे खणूनही मजुरी लटकते. इथे तोंडाचा पंच, तिथे फोटो. नवरा-बायको दोन देशांत, दोघांच्या हजेरीचा मालक एक मोबाइल आणि तो दोघांच्याही हातात नाही.

मी मीटिंगमध्ये दोनदा हा विषय काढलाय. आलेली उत्तरं सांगतो.

पहिलं, सिक्युरिटी. एकाची माहिती दुसऱ्याला दिसेल म्हणे. हे बोलणाऱ्याला स्वतःचं सॉफ्टवेअर माहीत नाही. पॉवर बीआयमध्ये 'रो-लेव्हल सिक्युरिटी' नावाची सोय आहे. ज्याने लॉगिन केलं त्याला फक्त त्याच्याच ओळी दिसतात. आजही ती वापरतात. मला फक्त माझी साइट दिसते, शेजारच्या साइटच्या सुपरवायझरला फक्त त्याची. हेच कुलूप आणखी एक पायरी खाली लावलं की गवंड्याला फक्त त्याची ओळ दिसेल. अर्थात ऑफिसातल्या पोराला त्यासाठी काम करावं लागेल, प्रत्येक माणसाचा लॉगिन बांधावा लागेल. मग लायसन्सचा खर्च पुढे करतात. ठीक आहे, नका देऊ लॉगिन. रोज संध्याकाळी एक एसएमएस पाठवा: आत इतक्याला, बाहेर इतक्याला, काम इतकं, ओटी इतकं. पगार जमा झाल्याचा मेसेज बँकेकडून येतोच ना? तेवढंच.

दुसरं उत्तर ऐकून माझं डोकं फिरलं. 'लेबरला ग्राफ कळत नाही.' अरे, हाच लेबर रोज संध्याकाळी तीन एक्सचेंजच्या ॲपवर रुपयाचा भाव बघतो आणि वीस पैसे जास्त मिळतील म्हणून दोन दिवस थांबतो. आयपीएलच्या रात्री स्ट्राइक रेट, रन रेट, किती चेंडूंत किती हवेत, सगळं तोंडपाठ. त्याला ग्राफ कळतो. आणि त्याला एक गोष्ट तुमच्यापेक्षा जास्त कळते. पिच कसं होतं हे न सांगता नुसता स्ट्राइक रेट सांगणारा माणूस एकतर अडाणी असतो नाहीतर लबाड.

तिसरं उत्तर खरं होतं आणि ते एका साहेबाने जेवताना हळू आवाजात दिलं. म्हणाला, त्यांना आकडा दिसला तर रोज तीनशे भांडणं होतील. हो, होतील. पहिले पंधरा दिवस होतील. त्यातली निम्मी भांडणं बरोबर असतील आणि तुमचा डेटा सुधारेल. मामांचं एक भांडण वेळेवर ऐकलं असतं तर दुसरा हॉइस्ट लागला असता आणि कंपनीचाच फायदा झाला असता, हे कुठल्या ग्राफवर दाखवू सांगा.

एका गोष्टीला मात्र माझा साफ विरोध आहे. काही साइटवर लाल नावांची यादी छापून मेसच्या भिंतीवर चिकटवतात आणि त्याला 'पारदर्शकता' म्हणतात. ती बेअब्रू आहे. माझा आकडा मला दाखवा, माझ्या शेजाऱ्याला दाखवून माझी जिरवू नका.

कायद्याचं म्हणाल तर या देशात 2021 साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झालाय, त्या वर्षीचा 45 क्रमांकाचा. आपली जमवलेली माहिती मागण्याचा हक्क त्यात लिहिलेला आहे. नुसत्या यंत्राच्या हिशेबावर आपल्याबद्दल मोठा निर्णय झाला तर हरकत घेण्याचा हक्कही आहे. कागदावरचा हक्क साइटच्या गेटमधून आत यायला किती वेळ लागतो हे आपल्याला ठाऊक आहे. तरी तो आहे हे माहीत असू द्या, एचआरशी बोलताना आवाज जरा सरळ राहतो.

तोवर तुम्ही काय करायचं? फोनमधल्या साध्या नोटपॅडवर किंवा खिशातल्या छोट्या डायरीत रोज झोपण्याआधी लिहा. आत पंच किती वाजता, कामाच्या जागी किती वाजता पोचलो, काम किती झालं, कशामुळे थांबलो आणि किती वेळ, ओटी किती. 'ब्लॉकची पॅलेट आली नाही, 9.20 ते 10.05' एवढं पुरतं. लिहिता येत नसेल तर स्वतःच्याच नंबरवर व्हॉइस मेसेज टाका, त्यावर तारीख-वेळ आपोआप पडते. महिनाअखेर पगाराच्या स्लिपशी ताडून बघा. ओटीचे तास जुळत नसतील तर मंत्रालयाच्या ॲपवर तक्रार करताना ही डायरी कामाला येते. नुसतं 'कमी दिले' म्हटलं तर कुणी विचारत नाही. आणि एक गोष्ट कृपा करून करू नका: कंपनीच्या स्क्रीनचा, दुसऱ्याच्या माहितीचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर फिरवू नका. इथला सायबर कायदा कडक आहे, भांडणाच्या नादात केस अंगावर घेऊ नका. स्वतःची डायरी ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि सुपरवायझर, फोरमन, टाइमकीपर भावांनो, तुम्हीही हे वाचताय हे मला माहीत आहे. आपल्याला मॅनेजमेंट आपलं मानत नाही आणि लेबर साहेब समजतो, मधल्यामध्ये आपण अंगठा दाबतो. तो अंगठा बघा जरा. हॉइस्टमुळे उशीर झाला असेल तर हॉइस्ट निवडा. मेल जाऊ दे, शिव्या बसू देत. आपली नोकरी त्याने जाईल असं वाटतं, पण एवढ्यावरून नोकरी गेलेला सुपरवायझर मी अजून बघितलेला नाही. 'मॅनपॉवर'मुळे गेलेली माणसं मात्र माझ्या फोनमध्ये नावासकट आहेत. आणि ओळंब्यात नसलेली भिंत घाईने उभी करून हिरवा रंग मिळवणाऱ्या गँगला शाबासकी देण्याआधी, ती भिंत पाडून परत बांधायचे तास कुणाच्या नावावर पडले ते फिल्टर लावून बघा. बहुतेक वेळा तिसऱ्याच गरीब गँगच्या.

मी जानेवारीपासून रोज खरं कारण भरतोय. परतीच्या बसमध्ये मी माझ्या गँगला ज्याचा त्याला त्याचा आकडा फोनवर दाखवतो, कानाशी, हळू आवाजात. पहिल्याच आठवड्यात एका हेल्परने सांगितलं की त्याचं नाव दोन गँगमध्ये आहे. टॅबवर खरंच तो दोन मजल्यांवर एकाच वेळी काम करत होता. कारणांच्या यादीत आता हॉइस्ट सगळ्यात वर आलाय आणि प्लँटवाले माझ्याशी बोलत नाहीत. मामांचा 97 चा हिशेब मी कागदावर मांडून त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला. दोन निळ्या टिका झाल्या. उत्तर आलं नाही.

येत्या गुरुवारी रिव्ह्यू मीटिंग आहे. हॉइस्ट ऑपरेटरच्या रजिस्टरमधल्या महिन्याभराच्या खेपा मी उतरवून घेतल्यात आणि त्या गेटच्या पंचाशेजारी लावल्यात. या वेळी ग्राफ माझा आहे आणि तिसरं घड्याळ त्यांच्यासमोर ठेवणार आहे. काय झालं ते कळवतो.